बेसमेंटमधली खोली आणि आपलं "कुठेही भागेल"



गेल्या आठवड्यात आपल्या मंडळातल्या एका ताईंचा फोन आला. मुलाने अमेरिकेत मोठं घर घेतलंय आणि पुढच्या महिन्यात दोघं सहा महिन्यांसाठी निघालेत. खूप आनंदात होत्या. "खाली बेसमेंट अगदी छान करून घेतलंय हो. आमच्यासाठी स्वतंत्र खोली, बाथरूम, शेजारी छोटं देवघर. पहाटे सामायिक करायला एकदम शांत." मी विचारलं, "खोलीला खिडकी आहे का?" म्हणाल्या, "आहे ना, वर छताजवळ छोटीशी. उजेड येतो." मी विचारलं, "त्या खिडकीतून तुम्हाला बाहेर पडता येईल का?" त्यावर त्या हसल्या. "अहो, खिडकीतून कोण बाहेर पडतं? जिना आहे की!"

त्या हसण्यामुळेच हा लेख लिहायला घेतला. त्यांना नावं ठेवायची नाहीत मला, कारण चार वर्षांपूर्वी मीही असंच हसले असते.

आमच्या मुलाचं घर मिशिगनमध्ये आहे. तिकडे थंडीत जमीन खोलवर गोठते, त्यामुळे घराचा पाया खोल घ्यावा लागतो आणि त्यातून बेसमेंट आपसूक मिळतं. आधीच्या मालकाने गालिचा, रंग, दिवे असं सगळं करून ठेवलं होतं. दोन फेऱ्या आम्ही त्याच खोलीत राहिलो. तिसऱ्या फेरीत जानेवारीतल्या एका रात्री तीनच्या सुमारास धुराचा अलार्म वाजायला लागला. मी उठून दार उघडलं तर जिन्यात धूर होता. नातवाने अभ्यासाला बसताना दूध तापत ठेवलं होतं आणि तिथेच टेबलावर त्याला झोप लागली होती. भांडं जळलं, बाकी काही झालं नाही. मुलगा धावत खाली आला, दिवे लागले, सगळे हसले.

मला मात्र हसू आलं नाही. तो अर्धा मिनिट मी जिन्याच्या पायथ्याशी उभी होते, मागे हे गुडघा धरून पलंगावर बसलेले, आणि माझ्या मनात एकच प्रश्न होता, की हा जिना नसेल तर दुसरं काय आहे?

सकाळी सूनबाईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली आणि मोजमाप केलं. मी कॉमर्सची, आकडा लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. खिडकी सरकती, म्हणजे अर्धीच उघडणारी. उघडलेली जागा 15 इंच रुंद आणि 14 इंच उंच. खिडकीची खालची कड जमिनीपासून 68 इंचांवर. माझी उंची 60 इंच. म्हणजे खिडकी माझ्या डोक्याच्याही वर, आणि माझे खांदे 16 इंचांचे. मी खुर्चीवर चढले तरी त्यातून फार तर माझी हाक बाहेर गेली असती.

मैत्रिणींनो, बेसमेंटमध्ये संकट कसं येतं ते नीट समजून घ्या. घर तापवणारी भट्टी आणि पाणी तापवायची टाकी बहुतेक घरांत बेसमेंटमध्येच असते, कपडे वाळवायचं यंत्रही पुष्कळदा तिथेच. थंडी वाजते म्हणून आपण पलंगाशेजारी विजेचा हीटर लावतो आणि त्याच्यावरच रजईचं टोक लोंबत असतं. आग खाली लागली तर ती तुमच्या आणि जिन्याच्या मध्ये असू शकते. आग वर लागली तर ती बहुतेक स्वयंपाकघरात लागते, आणि बेसमेंटचा जिना पुष्कळ घरांत स्वयंपाकघराजवळच निघतो. धूर वर चढतो, म्हणून जिना धुराड्यासारखा भरतो. दोन्ही बाजूंनी वाट एकच, आणि तीच बंद. म्हणूनच तिकडच्या नियमात झोपण्याच्या प्रत्येक खोलीला थेट बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दार सांगितलंय. त्याला एग्रेस विंडो म्हणतात. ही खिडकी उजेडासाठी नसते. तिचं माप असं ठरवलंय, की आतला माणूस बाहेर पडू शकेल आणि पाठीवर हवेची टाकी बांधलेला अग्निशमन जवान आत येऊ शकेल.

आता एक गोष्ट सांगते, ती वाचून मला राग आला होता, तुम्हालाही यावा. घर विकताना अशा खिडकीशिवायच्या खोलीला जाणकार एजंट सहसा "बेडरूम" लिहीत नाही. "बोनस रूम" लिहितो, "ऑफिस" लिहितो, "डेन" लिहितो. आमच्या मुलाच्या कागदांतही "बोनस रूम" असंच होतं. म्हणजे विकणाऱ्याला माहीत होतं की इथे माणसाने झोपायचं नसतं. तिथे पलंग आम्ही टाकला. तिला "आई-बाबांची खोली" हे नाव आम्ही दिलं.

आणि खर्च कशावर होतो तेही बघा. मी तिकडे आपल्या समाजातली बरीच घरं पाहिली. बेसमेंटमध्ये भिंतभर पडदा, रांगेत आरामखुर्च्या, मुलांना खेळायला जागा, संगमरवरी देवघर. हौस आहे, कमाई आहे, करावं. पण त्याच बेसमेंटमध्ये आईवडील झोपतात त्या खोलीची खिडकी विचारली की "बजेटमध्ये बसलं नाही" हे उत्तर मी तीन घरांत ऐकलं. भिंत कापून, बाहेर खड्डा खणून अशी खिडकी बसवायला काही हजार डॉलर लागतात, हे खरं. पण पडद्याला ते बसतात आणि आईला बसत नाहीत, याला बजेट म्हणत नाहीत.

मुलांना बोलणं सोपं आहे. मला आज खरं बोलायचंय ते तुमच्या-माझ्याशी. आपण कधी विचारतो का? नाही. आपण म्हणतो, "आम्हाला काय, कुठेही भागेल." पाहुण्यासारखं मागणं बरं नाही, सूनबाईला वाईट वाटेल, मुलाच्या डोक्यावर आधीच कर्ज आहे. हे आपण मोठ्या अभिमानाने बोलतो आणि त्याला अपरिग्रह समजतो. मीही दोन फेऱ्या तेच समजले. तो अपरिग्रह नव्हे. त्याला आपल्या शास्त्रात वेगळा शब्द आहे, प्रमाद.

आपल्याकडे हिंसेचा विचार प्रमादापासून सुरू होतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाला जोडून केली आहे. जीव गेला की नाही हे नंतरचं, आधी विचार हा की सावध होतात की बेसावध. रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यात प्रमादचर्या हा एक आहे. आपण पाणी गाळतो ते कशासाठी? डोळ्यांना दिसतही नाही अशा जीवासाठी. भाजी निवडताना अळी दिसली तर अलगद बाहेर सोडतो. आणि सत्तरीच्या पंचेंद्रिय नवऱ्याला एकाच वाटेच्या खोलीत निजवून वर दिवा मालवतो. हा कुठला हिशोब?

यावर मला जी उत्तरं मिळाली ती एकेक करून घेते.

पहिलं उत्तर, "आयुष्य संपलं असेल तर खिडकी काय करणार? आयुकर्म ठरलेलं आहे." हे सांगणाऱ्या ताई दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राच्या वाचनाला बसतात. ताई, दुसऱ्या दिवशी दुसरा अध्याय होतो, त्याचं शेवटचं सूत्र आठवा. ज्यांचं आयुष्य मध्येच तुटत नाही अशांची यादी तिथे दिली आहे: देव आणि नारकी, चरमशरीरी आणि असंख्यात वर्षं आयुष्य असलेले. त्या यादीत तुमचं-माझं नाव नाही. बाकीच्यांचं आयुष्य विष-शस्त्रासारख्या बाहेरच्या कारणांनी वेळेआधी संपू शकतं, हाच त्याचा अर्थ टीकाकारांनी लावलाय. मग कारण टाळणं हे कर्मसिद्धांताच्या विरुद्ध कसं?

दुसरं उत्तर, "आता या वयात मरणाची कसली भीती?" मला समाधिमरण हवंय, धुरात गुदमरून आलेलं मरण नको. सल्लेखना हे जाणीवपूर्वक, शांत चित्ताने, गुरूंच्या साक्षीने घेतलेलं व्रत आहे. अंधारात भिंत चाचपडत, आर्तध्यानात जीव जाणं हे त्याच्या नेमकं उलट आहे. दोन्हींना "मरण" हा एकच शब्द लागतो म्हणून ते एक होत नाहीत.

तिसरं उत्तर, "इतकी वर्षं काही झालं नाही." त्यावर न्यूयॉर्कची गोष्ट सांगते. सप्टेंबर 2021 मध्ये आयडा वादळाचा पाऊस तिथे एका रात्रीत कोसळला. शहरात तेरा माणसं गेली, त्यातली अकरा बेसमेंटच्या घरांत राहणारी होती. दिल्लीत जुलै 2024 मध्ये राजेंद्रनगरच्या कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि अभ्यासाला बसलेली तीन मुलं गेली. हे पाण्याचे अपघात, आगीचे नव्हेत, आणि पुरात खिडकीच्या खड्ड्यातूनही पाणी आत येऊ शकतं, हे मान्य. पण जमिनीखाली एकाच वाटेवर विसंबून राहणं म्हणजे काय, ते दोन्हीकडे दिसलं. आदल्या दिवशीपर्यंत त्यांनाही "काही झालं नव्हतं."

चौथं उत्तर मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. एका आर्यिका माताजींच्या दर्शनाला गेले असताना तिथे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "खिडकीसाठी जमीन खणायची, त्यात किती जीव मरतील? आणि तो खड्डा कायमचा उघडा. त्यात बेडूक, उंदराची पिल्लं पडून मरतील. त्याचं पाप कुणाला?" प्रश्न खरा आहे. तिकडे वसंतात असल्या खड्ड्यांत बेडूक पडतात आणि त्यांना गुळगुळीत पत्र्यावरून वर चढता येत नाही.

माझं उत्तर असं. घर बांधणं, दुरुस्त करणं यात होणारी हिंसा ही आरंभी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही, पण यतनेने कमी करता येते. गालिचा अंथरताना, थिएटर बांधताना आपल्याला ती आठवली नाही, मग आईच्या खिडकीशीच का आठवली? आणि खड्ड्यावर उपाय आहे. वर पारदर्शक झाकण बसवायचं, कडेला फट न ठेवता. आत एक खडबडीत फळी तिरकी टेकवून ठेवायची, म्हणजे पडलेला जीव चढून बाहेर जातो. ती फळी खिडकीच्या आणि शिडीच्या आड येऊ द्यायची नाही. आणि रोज एकदा डोकावायचं. आपण पाणी गाळणाऱ्या बायका, आपल्याला रोज डोकावणं जड नाही. मी दोन महिन्यांत तीन बेडूक सुपलीत घेऊन बागेत सोडले. नातू आता ते काम करतो.

आता मापं सांगते. कागदावर लिहून घ्या. ही अमेरिकेत बहुतेक राज्यांनी कमीअधिक फरकाने स्वीकारलेल्या निवासी बांधकाम संहितेतली आहेत. कॅनडात मापं वेगळी आहेत. दोन्हीकडे शेवटचा शब्द तुमच्या मुलाच्या गावच्या बांधकाम खात्याचा, म्हणून परवाना काढल्याशिवाय हात लावू नये.

बेसमेंटच्या खिडकीची पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा किमान 5 चौरस फूट हवी. वरच्या मजल्यांना 5.7 लागते. रुंदी किमान 20 इंच, उंची किमान 24 इंच. खालची कड जमिनीपासून 44 इंचांपेक्षा वर नको. आणि आतून किल्ली किंवा हत्यार न वापरता उघडली पाहिजे.

इथे फसगत कशी होते बघा. आमच्याकडे आलेला पहिला ठेकेदार म्हणाला, "20 बाय 24 ची बसवतो, नियमात आहे." मी गुणाकार केला. 20 गुणिले 24 म्हणजे 480 चौरस इंच. 5 चौरस फूट म्हणजे 720 चौरस इंच. रुंदीही किमान आणि उंचीही किमान घेतली तर क्षेत्रफळ भरतच नाही! 20 इंच रुंद असेल तर उंची 36 हवी. 24 इंच उंच असेल तर रुंदी 30 हवी. तो गप्प झाला. मुलगा इंजिनियर, पण त्याच्याही लक्षात आलं नव्हतं. घरखर्चाची वही चाळीस वर्षं लिहिल्याचा असा उपयोग होतो.

दुसरी फसगत चौकटीच्या मापाची. दुकानदार चौकटीचं माप सांगतो, नियम मोजतो ती मोकळी जागा. सरकती खिडकी अर्धीच उघडते. बिजागरीवर दारासारखी उघडणारी घेतली तर जवळजवळ पूर्ण जागा मिळते. मात्र ती उघडताना खड्ड्याच्या भिंतीला अडकत नाही ना, ते आधी पाहावं.

खिडकी जमिनीखाली असेल तर बाहेर खड्डा लागतो. तो किमान 9 चौरस फुटांचा, लांबी आणि रुंदी दोन्ही किमान 36 इंच. खोली 44 इंचांपेक्षा जास्त असेल तर कायमची बसवलेली शिडी किंवा पायऱ्या हव्यात. वरचं झाकण किंवा जाळी आतून सहज, किल्लीशिवाय ढकलता आली पाहिजे. खड्ड्यात पावसाचं पाणी साचू नये म्हणून त्याचा निचरा पायाच्या निचऱ्याला जोडायचा. खणण्याआधी 811 या नंबरवर फोन करायचा, ते येऊन जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या वाहिन्यांवर मोफत खुणा करतात. पायाची भिंत कापायची म्हणजे वरचा भार पेलायला तुळई लागते, ते काम जाणकाराचंच. हिवाळ्यात झाकणावरचा बर्फ जिन्यावरच्या बर्फासारखाच काढायचा. गोठलेलं झाकण उघडत नाही.

खिडकी झाली म्हणजे अलार्म नको असं नाही. धुराचा अलार्म झोपायच्या खोलीत, खोलीबाहेर आणि प्रत्येक मजल्यावर हवा, आणि सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणजे वर वाजला की खालीही वाजतो. भट्टीमुळे होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा बघून घ्या. त्या वायूला रंग नाही, वास नाही, झोपलेल्याला काही कळत नाही.

आमच्या घरी पुढे काय झालं? मुलगा आधी म्हणाला, "आई, इथे कुणी एवढं बघत नाही." मी भांडले नाही. अंथरूण उचललं आणि वरच्या बैठकीच्या खोलीत जमिनीवर घातलं. म्हटलं, "मी इथे झोपते, तुझी सोय झाली की सांग." चार दिवस झाले, सूनबाईच म्हणाली, "अहो, आईंचं बरोबर आहे. आपण मुलांना त्या खोलीत झोपवलं असतं का?" हा प्रश्न मला सुचला नव्हता. तिने एका वाक्यात निकाल लावला. मला वाटत होतं सुनेला वाईट वाटेल! जमीन सुटल्यावर मे महिन्यात काम झालं.

खिडकी बसल्यावर मी दिवसाउजेडी सगळ्यांना त्यातून बाहेर निघायला लावलं. नातू चार सेकंदांत वर. मी साडीचा पदर खोचून, धापा टाकत, पण निघाले. ह्यांना मात्र जमलं नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला 44 इंचांची कड म्हणजे छातीइतका उंच कट्टा. मग आम्हाला कळलं की खिडकी सगळ्यांसाठी पुरेशी नसते. ज्याला चढता येत नाही त्याची खोली वरच हवी. मुलाने आपलं ऑफिस खाली नेलं आणि वरची खोली आम्हाला दिली. खालची खोली आता येणाऱ्याजाणाऱ्या तरुण पाहुण्यांसाठी आहे. आपल्या भागातली शिकायला गेलेली मुलंही कमी भाड्यात अशाच बेसमेंटमध्ये राहतात. तुमचा भाचा, पुतण्या तिकडे असेल तर त्याला आज रात्रीच विचारा, तुझ्या खोलीतून दुसरी वाट कुठे आहे?

आणि सांगली-कोल्हापुरात बसून "आमच्याकडे कुठे बेसमेंट" म्हणू नका. आपल्या खिडक्यांना चोराच्या भीतीने ग्रील ठोकलेली असते. त्यातला उघडता भाग आहे का? असेल तर त्याच्या कुलपाची किल्ली कुठे आहे? आमच्याकडची किल्ली मला दोन दिवस शोधावी लागली, देव्हाऱ्याच्या खणात जुन्या पावत्यांखाली होती. आता खिडकीशेजारी खिळ्याला टांगली आहे.

मैत्रिणींनो, पुढच्या फेरीला निघताना लोणचं, मेतकूट, भाजणीबरोबर बॅगेत एक टेप टाका. पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी मोजा. कमी भरलं तर स्पष्ट बोला. "मला ही खोली नको" असं म्हटल्याने संस्कार बिघडत नाहीत. बोलायचं असून गप्प राहणं, आणि त्यापायी घरातल्या एखाद्या जिवाला इजा होणं, याची क्षमा मागायला दशलक्षणाचे दहा दिवस पुरणार नाहीत.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. पण मापं घ्या.

जय जिनेंद्र.